संख्यारेषेवर धन-ऋण संख्यांची तुलना

संख्यारेषा म्हणजे एक सरळ रेघ, मधे कुठेतरी ०, उजवीकडे सारख्या अंतरावर १, २, ३ आणि डावीकडे −१, −२, −३, दोन्ही टोकांना बाण कारण ती संपत नाही. नियम एकच, जी संख्या उजवीकडे ती मोठी. त्यामुळे कुठलीही धन संख्या कुठल्याही ऋण संख्येपेक्षा मोठीच, आणि ० ना धन ना ऋण, पण सगळ्या ऋणांपेक्षा मोठा.

घोळ होतो तो दोन्ही ऋण असल्या की. −१८ आणि −४ यातली मोठी कुठली विचारलं तर पोरं पटकन −१८ म्हणतात, कारण १८ डोळ्यात भरतो. पण १८ हे नुसतं शून्यापासूनचं अंतर, पुस्तकात त्याला केवल मूल्य म्हणतात, आणि डावीकडे अंतर जितकं जास्त तितकी संख्या लहान. गोव्यात पारा शून्याखाली जायचा प्रश्नच नाही, पण फ्रोझन मासळीच्या फ्रीजरवर −१८ दिसतं, ते −४ झालं तर तापमान वाढलं असंच म्हणतो ना आपण, झालं तर मग, −४ > −१८.

मला विचाराल तर रेघ उभी धरा, लवकर कळतं. खाजन शेतीचंच बघा, म्हणजे नदी-खाडीकाठची, बांध घालून खारं पाणी अडवलेली शेती. भरतीची पातळी ० धरली तर बांधाच्या आतलं शेत ऋण बाजूला. समजा आतलं पाणी −०.८ मीटरवर आहे आणि ओहोटीला नदी −१.५ वर उतरली, तर −०.८ मोठी, म्हणजे आतलं पाणी वर, मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, लाकडी दार आपसूक बाहेर उघडतं आणि पाणी नदीत जातं. भरती चढून नदी −०.२ वर आली की आता ती मोठी, दार दाबानेच बंद, खारं पाणी बाहेर. तिन्ही आकडे ऋण, तरी दार एकदाही चुकत नाही.

ऋण हा शब्द मुळात कर्जाचा. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मधे ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन, ऋण आणि शून्याचे नियम दिले, रेघ मात्र बरीच नंतरची, इंग्लंडच्या जॉन वॉलिसने १६८५ मधे माणूस ५ यार्ड पुढे जाऊन ८ यार्ड मागे आला तर कुठे पोचला, असा हिशोब मांडला, उत्तर −३.

दशांश आले की परत गंमत. −२.५ ही −२ आणि −३ च्या मधे, म्हणजे −२ च्या डावीकडे, पण भलेभले तिला सवयीने −२ च्या उजवीकडे टाकून मोकळे होतात आणि ती बिचारी −१.५ च्या जागेवर जाऊन बसते.