रॉयल ऑपेरा हाऊस, मुंबई

रॉयल ऑपेरा हाऊस हे गिरगावातील चर्नी रोड स्थानकाजवळचे, मामा परमानंद मार्गावरचे ऐतिहासिक नाट्य-संगीतगृह. देशात टिकून राहिलेले एकमेव ऑपेरागृह अशी त्याची ओळख आहे. पण ही इमारत केवळ ऑपेरावर, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाट्यावर, कधीच जगली नाही. तिचा इतिहास समजून घ्यायचा तर संगीत नाटक आणि सिनेमा यांच्याकडेच पाहावे लागते.

मॉरिस बँडमन हा नाटक कंपन्यांचा व्यवस्थापक आणि जहांगीर फ्रामजी कराका या दोघांनी हे नाट्यगृह उभारले. पंचम जॉर्ज 1911 मध्ये भारतात आला, तेव्हा बांधकाम पुरे व्हायचे होते. तरी उद्घाटन त्याच्याच हस्ते उरकण्यात आले आणि ‘रॉयल’ हे बिरुद लागले. शैली युरोपीय बरोक, म्हणजे भरगच्च अलंकरणाची, तिला स्थानिक कारागिरीची जोड. आत सोनेरी नक्षी, रंगीत काचा, रंगवलेला घुमट आणि वर चढत गेलेल्या बाल्कन्या. दालनातील झुंबरे सासून घराण्याच्या भायखळ्याच्या बंगल्यातली असल्याचे सांगितले जाते. त्या बंगल्यात आज मसीना रुग्णालय आहे.

युरोपीय कंपन्यांचे दौरे हा पहिल्या काळातला मुख्य आधार होता, पण गिरगाव-ठाकूरद्वारचा प्रेक्षक हाकेच्या अंतरावर असताना मराठी रंगभूमी इथून लांब राहणे शक्यच नव्हते. बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर यांच्यासारखे गायक-नट या रंगमंचावर उभे राहिले. ध्वनिवर्धकांशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गाणे पोहोचावे अशी इथली रचना. एका पदाला वारंवार ‘वन्स मोअर’ मिळण्याच्या त्या जमान्यात गवयाचा गळा वाचवणारे नाट्यगृह म्हणजे मोठीच सोय.

बोलपटाचा जमाना सुरू झाल्यावर चित्र पालटले. 1930 च्या दशकात इमारत प्रामुख्याने सिनेमागृह झाली आणि पडद्याच्या सोयीसाठी आतल्या मूळ रचनेत फेरफार झाले. नाटक मात्र पूर्ण हद्दपार झाले नाही. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सचे प्रयोग इथे होत. प्रयोग संपल्यावर मदतनिधीसाठी झोळी घेऊन दाराशी उभे राहणारे पृथ्वीराज हे त्या पिढीच्या आठवणींत पक्के बसले आहेत. 1952 मध्ये इमारत गुजरातमधल्या गोंडल संस्थानच्या राजघराण्याकडे आली. पुढे दूरदर्शन आणि व्हिडिओने एकपडदा सिनेमागृहांचा धंदा बसवला, आणि 1990 च्या दशकाच्या प्रारंभी दरवाजे बंद झाले. सिनेमाने इमारतीचे रूप बिघडवले हे खरे. पण त्याच सिनेमाच्या तिकिटांवर ती इतकी वर्षे उभी राहिली, हेही तितकेच खरे.

बंद पडली तरी नाव मात्र परिसराला चिकटलेच. हिरे बाजाराचा पत्ताही ‘ऑपेरा हाऊस’ असाच सांगितला जाई.

गोंडलचे ज्योतेंद्रसिंहजी यांनी जीर्णोद्धाराचे काम वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे सोपवले. 2012 मध्ये धोक्यातील वारसास्थळांच्या ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच’ यादीत इमारतीचा समावेश झाला. रंगाचे थर खरवडून मूळ छटा शोधणे, जुन्या छायाचित्रांवरून हरवलेले बॉक्स (प्रेक्षकांसाठीचे स्वतंत्र कक्ष) पुन्हा घडवणे, काचा आणि गिलाव्याची नक्षी दुरुस्त करणे हे सारे चिकाटीचे काम. त्याबरोबरच वातानुकूलन, ध्वनी आणि प्रकाश यांची नवी यंत्रणा जुन्या भिंतींना धक्का न लावता बसवायची होती.

ऑक्टोबर 2016 मध्ये मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो (उंच पट्टीच्या) गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या गायनाने पडदा पुन्हा उघडला. त्याच महिन्यात मुंबईच्या ‘मामी’ चित्रपट महोत्सवाचे उद्घाटनही इथेच झाले. 2017 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाला ‘अवॉर्ड ऑफ मेरिट’ मिळाले. आता आसने जेमतेम पावणेसहाशेच्या आसपास आहेत. मोठ्या निर्मितीचा खर्च एवढ्या तिकिटांवर निघणे अवघड, त्यामुळे पाश्चात्त्य संगीताबरोबर हिंदुस्थानी मैफली, नाटके, नृत्य आणि चित्रपटांचे खास खेळ असा मिश्र कार्यक्रम इथे चालतो.