शाळेत हुशार, घरी मात्र ऐकेना

सकाळी कुत्र्याला ट्रेनरकडे सोडायचं आणि संध्याकाळी कामावरून येताना घरी आणायचं. नवरा-बायको दोघंही नोकरीला असतील, तर ही दिवसाची शाळा सोयीची वाटते. पण थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते: ‘ट्रेनरसमोर एका शब्दात बसतो, आमच्यापुढे ढिम्म!’ यात ट्रेनरची फसवणूक नसते आणि कुत्र्याचा लबाडपणाही नसतो.

कुत्रा नुसता शब्द शिकत नाही. त्या शब्दाबरोबर ते मैदान, तो आवाज, तो माणूस, सगळं एकत्र शिकतो. ट्रेनरकडे नीट बघा. ‘बस’ म्हणायच्या आधीच त्याचा हात कमरेच्या खाऊच्या पिशवीकडे जातो, खांदे जरासे पुढे झुकतात. कुत्र्याची नजर त्या हातावर असते. घरी ती पिशवीच नसते. आजी ओट्याकडे तोंड करून ‘बस रे बाळा’ म्हणते, नातू ‘सिट’ म्हणून ओरडतो. कुत्र्याला यातलं काहीच ओळखीचं वाटत नाही.

त्यात वेळेचीही गंमत असते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की सुरुवातीला फळांचा रस मिळाला की मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी चेतायच्या, पण शिकणं पक्कं झाल्यावर रसाची सूचना देणाऱ्या खुणेलाच त्या चेतू लागल्या. म्हणजे खूण, कृती आणि बक्षीस यांची साखळी मेंदूत जुळावी लागते. आपण डबा उघडून खाऊ काढेपर्यंत कुत्रा उठलेला असतो आणि बक्षीस मिळतं ते उठण्याला! म्हणून हरभऱ्याएवढे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे तुकडे आधीच हातात हवेत. एक मात्र कळकळीने सांगतो. सांगलीत घरोघरी बेदाणे असतात, ते चुकूनही देऊ नका. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखाद्या कुत्र्याला तर थोडेसे खाल्ले तरी बाधतात. खाल्ले असतील तर उलटी व्हायची वाट न बघता लगेच पशुवैद्याकडे न्या.

दिवसाच्या शाळेची मला सगळ्यात पटणारी बाजू म्हणजे रात्री कुत्रा आपल्या घरी, आपल्या जागेवर झोपतो. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१७ साली कुत्र्यांना त्यांना आधीच येत असलेल्या कृतींसाठी नव्या इंग्रजी आज्ञा शिकवल्या. झोप काढून उठल्यावर त्या आज्ञा त्यांना आधीपेक्षा चांगल्या जमल्या आणि झोपेतल्या मेंदूलहरींतही फरक दिसला. रोजच शिकवणी हवी असंही नाही. डेन्मार्कमध्ये २००८ साली बीगल कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात आठवड्यातून एकदा शिकणाऱ्यांना, पाच दिवस शिकणाऱ्यांपेक्षा कमी शिकवण्या लागल्या. एकूण दिवस जास्त गेले, एवढंच. त्यामुळे आठवड्याला दोन दिवसच परवडत असतील तर मन खट्टू करून घेऊ नका.

पैसे भरण्याआधी एक शिकवणी मात्र स्वतः उभं राहून बघा. पोर्तुगालमध्ये २०२० साली ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला. जिथे ओरडणं आणि पट्टा हिसकणं चालायचं, तिथल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जास्त वाढलं. खाऊ देऊन शिकवणाऱ्या शाळांत तसं झालं नाही. ‘मी शिकवतो, तुम्ही लांब थांबा’ म्हणणाऱ्या ट्रेनरकडे मी तरी कुत्रा सोडणार नाही.

कारण खरा अभ्यास संध्याकाळचा असतो. कुत्र्याला घ्यायला गेलात की दहा मिनिटं ट्रेनरच्या शेजारी उभं राहून तुम्हीच आज्ञा द्या. सगळ्या घराने एकच शब्द आणि हाताची एकच खूण ठरवा. मग तेच अंगणात, नंतर सांगलीच्या आमराई बागेत सकाळी वर्दळ नसताना. विश्रामबागसारख्या गजबजलेल्या भागात भडंगाचा वास आणि एसटीचा हॉर्न असताना कुत्रा लगेच बसेल ही अपेक्षा ठेवू नका. तिथे आधी रस्त्यापासून लांब उभं राहा, खाऊ पुन्हा पहिल्या दिवसाइतका सढळ द्या आणि तो निवांत बसू लागला की चार-चार पावलं पुढे सरका.