शरीराचे पुनरुत्थान व शवदहन (ख्रिस्ती मत)

काळाच्या अंती मृतांची शरीरे उठवली जातील, ही ख्रिस्ती मतांगीकारातील (श्रद्धेच्या ठरावीक जाहीर कबुलीतील) श्रद्धा आणि तिच्या संदर्भात दहनाविषयी चर्चने वेळोवेळी घेतलेल्या भूमिका. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. जीव दुसऱ्या देहात जात नाही, त्याच व्यक्तीचे शरीर रूपांतरित होते. ‘आत्मा अमर आहे’ एवढे म्हणूनही ही श्रद्धा पुरी होत नाही. मराठी शोकसभांत या तिन्ही कल्पनांची सर्रास सरमिसळ होते.

मुख्य आधार म्हणजे प्रेषित पौलाच्या, बायबलातील करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय (सामान्यतः इ. स. ५३–५५). शरीर बियाण्यासारखे पेरले जाते. पेरताना ते ‘सोमा प्सुखिकोन’ (ग्रीक : प्राणमय शरीर) असते, उठते ते ‘सोमा प्नेउमातिकोन’ (आत्मिक शरीर). दुसऱ्या पदाचा अर्थ वादग्रस्त आहे. काही अभ्यासक ते सूक्ष्म, वायुरूप द्रव्याचे शरीर मानतात. इतरांच्या मते विशेषण द्रव्य सांगत नाही, शरीर कशाने चालते ते सांगते : एक प्राणाने, दुसरे पवित्र आत्म्याने. ग्रीकमध्ये ‘-इकोस’ प्रत्यय बहुधा स्वरूप वा संबंध दर्शवतो, घडणीच्या द्रव्यासाठी ‘-इनोस’ येतो. त्यामुळे दुसरा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. प्रेषितांच्या मतांगीकाराच्या लॅटिन पाठातील शब्द तर थेट ‘मांसाचे’ पुनरुत्थान असा आहे. मराठीतील ‘शरीराचे’ हा त्याचा सौम्य पर्याय.

दफनाची प्रथा मुख्यतः यहुदी रिवाजातून व ख्रिस्ताच्या कबरीच्या आदर्शातून आली असावी. रोमन जगात दुसऱ्या शतकापासून दहन मागे पडले ते ख्रिस्ती प्रभावाने, हे जुने मत आता फारसे टिकत नाही. बिगरख्रिस्ती उच्चवर्गही त्याच काळात दफनाकडे वळत होता. ख्रिस्ती लॅटिन लेखक मिनुसिअस फेलिक्स (दुसऱ्या शतकाचा शेवट वा तिसऱ्याचा आरंभ) स्पष्ट सांगतो की दहनाने हानी होईल अशी भीती नाही, दफन ही जुनी व अधिक चांगली रीत आहे. १७७ मध्ये लियों (आजच्या फ्रान्समध्ये) येथे हुतात्म्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत टाकली गेली ती मात्र त्यांना पुनरुत्थान मिळू नये म्हणूनच, असे चर्चचा आद्य इतिहासकार युसेबिअस याने जतन केलेले पत्र सांगते. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने जिंकलेल्या सॅक्सन या जर्मन लोकांसाठी काढलेल्या फर्मानात (बहुधा ७८२–७८५) दहनाला देहान्त शिक्षा होती.

कॅथलिक बंदी १८८६ ची. इटलीत चर्चविरोधी गट दहनाचा प्रचार करत होते, हे तिचे निकटचे कारण. पुनरुत्थान अशक्य होते असा तिचा दावा नव्हता. १९६३ मध्ये ती शिथिल झाली. १९८३ च्या धर्मसंहितेत (कलम ११७६) दफनाची शिफारस आहे, दहनास मनाई नाही. ख्रिस्ती शिकवणीच्या विरोधासाठी ते निवडले असल्यास अपवाद. २०१६ च्या व्हॅटिकनच्या सूचनेनुसार राख उधळू नये, वाटू नये, सामान्यतः घरी ठेवू नये. ऑर्थोडॉक्स चर्चांचा विरोध कायम आहे. प्रॉटेस्टंटांत सर्वसाधारण बंदी नाही.

नागपूर हे कॅथलिक महाधर्मप्रांताचे केंद्र, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रॉटेस्टंट चर्चची स्थापनाही येथेच (२९ नोव्हेंबर १९७०). येथे काळ्या मातीचा प्रश्न दफनाला असतो : पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ताज्या कबरीवर लगेच बसवलेला दगड कलतो. माती बसेपर्यंत एक पावसाळा थांबून मगच चौथरा बांधणे हितावह. दहन करायचे असल्यास कॅथलिक क्रमात शक्यतो आधी देहासमोर मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) होते, मग दहन, शेवटी राखेचे दफन. पेसमेकर आधी काढावा लागतो, कारण उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. विद्युत वा गॅस भट्टीत साधारण ८००–१,००० अंश सेल्सिअस तापमानात दीड-दोन तासांत देह जळतो आणि प्रौढाचे सुमारे २–३ किलो अवशेष उरतात. ती ‘राख’ म्हणजे मुख्यतः हाडांचे कॅल्शियम फॉस्फेट. लाकडाच्या चितेत मात्र लाकडाची राख मिसळते व हाडांचे तुकडे अर्धवट राहतात. चितेचा ओटा आधी साफ झालेला नसेल, तर दुसऱ्याच्या अस्थी मिसळण्याचा धोका असतो. सगळे अवशेष एकाच झाकणबंद पात्रात भरून ते कबरीत किंवा भिंतीतील कोनाड्यात ठेवतात. शेजाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे मूठभर राख नदीत सोडणे कॅथलिक नियमात बसत नाही. व्हॅटिकनच्या डिसेंबर २०२३ च्या खुलाशाने अगदी थोडा अंश मृताच्या आठवणीशी निगडित जागी ठेवण्याची मुभा अटींसह दिली आहे, विसर्जनाची नाही.