दाट बीफ स्ट्यूच्या जोडीला काय वाढावे?

बीफ स्ट्यूच्या पातेल्यात दोन-तीन तास जे चालते, ते मांसाच्या हिताचे असते; त्यात पडलेल्या बाकीच्या जिनसांचे मात्र त्यात नुकसानच होते. स्ट्यूसाठी खांदा, मान किंवा नडगी असे जनावराचे सतत राबणारे भाग घेतले जातात, कारण त्यांत कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे प्रमाण अधिक असते आणि पाणी व मंद आच यांच्या दीर्घ सहवासात हेच कोलॅजेन विरघळून जिलेटिन बनते. चिवट मांस बोटाने तुटावे इतके मऊ होते ते यामुळे, आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो तोही यामुळेच. पण त्याच काळात गाजराचा करकरीतपणा जातो, कांदा विरून जातो, सुरुवातीला घातलेल्या पार्स्लेचा वास वाफेबरोबर निघून जातो आणि हिरवे म्हणून जे काही असते ते तपकिरी होते. सोबतीचे पदार्थ निवडताना माझ्या मते एकच प्रश्न विचारावा: पातेल्याने काय हिरावून घेतले? जे गेले, ते ताटात दुसऱ्या वाटेने परत यायला हवे.

स्ट्यूची चव बहुतांशी खोल आणि जड असते. मांसाचे तुकडे आधी कोरड्या, तापलेल्या भांड्यात परतले जातात, तेव्हा साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांच्यात झपाट्याने अभिक्रिया होऊन तपकिरी रंग व भाजका वास तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली या अभिक्रियेचे वर्णन केले. एकदा पाणी ओतले की तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही, म्हणून हा वास काय तो पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच कमवावा लागतो. त्यात टोमॅटो किंवा अळिंबीतील ग्लुटामेट हे चवदार संयुग मिसळते. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ज्या भरीव, मांसल चवीला ‘उमामी’ हे नाव दिले, ती याच ग्लुटामेटची. मांसातील इनोसिनेट हे तशाच चवीचे संयुग सोबत असले की ही चव दोन्हींच्या बेरजेपेक्षा कितीतरी तीव्र लागते.

अशा चवीचे पहिले पाच-सहा घास अप्रतिम लागतात आणि मग तोंड थकते. हा केवळ मनाचा खेळ नव्हे. १९८१ साली संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, एखादा पदार्थ खात गेल्यावर त्याची गोडी वेगाने ओसरते, पण न खाल्लेल्या वेगळ्या चवीच्या पदार्थाची गोडी तुलनेने टिकून राहते. म्हणूनच स्ट्यूच्या शेजारी चीजचा थर दिलेला भाजलेला पास्ता किंवा मलईदार भाजी ठेवणे मला पटत नाही. तो त्याच सुराचा दुसरा आवाज होतो.

सर्वांत आधी आंबट हवे. पाच मूळ चवींपैकी आंबट चव लाळेला सर्वाधिक चेतवते, आणि वाढलेली लाळ जिलेटिन व चरबीचा जिभेवरचा लेप धुऊन काढते. व्हिनेगरमध्ये अर्धा तास मुरवलेला कांदा या कामाला उत्तम. लाल कांद्यातील अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात झगझगीत गुलाबी होते, त्यामुळे तपकिरी ताटाला रंगही येतो. तुरट पदार्थांची वाट थोडी वेगळी आहे. चहा, रेड वाइन किंवा काही कडवट पालेभाज्यांतील पॉलिफेनॉल ही तुरट संयुगे लाळेतील प्रथिनांना धरून ठेवतात, लाळेचा बुळबुळीतपणा कमी होतो आणि तोंड आवळल्यासारखे वाटते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहभागींना चरबीयुक्त सुके मांस खाता खाता अधूनमधून चहाचे घोट दिले गेले. साध्या पाण्यापेक्षा चहाने तेलकटपणाची जाणीव अधिक कमी झाली, आणि तुरटपणा एका घोटात नव्हे तर घोटागणिक साठत गेल्याचे दिसले. तेलकट आणि तुरट ही तोंडातल्या जाणिवेची दोन विरुद्ध टोके आहेत, असा त्याचा अर्थ. एंडिव्ह किंवा रॅडिकिओसारखी कडसर पाने व्हिनेगर आणि थोड्या तेलात घोळवून दिली की आंबट, कडू आणि करकरीत या तिन्ही उणिवा एका वाडग्यात भरून निघतात.

वाडगा मात्र वेगळा असावा. गोमांसाची चरबी पूर्ण वितळायला ४० अंशांहून अधिक तापमान लागते, म्हणजे आपल्या तोंडाच्या उबेपेक्षा जास्त. थंडगार सॅलड स्ट्यूच्याच ताटलीत टेकवले, तर रश्श्याच्या कडेला फिकट, मेणासारखी साय धरलेली पाहता पाहता दिसते, आणि ती टाळ्याला चिकटून बसते. ताटल्या आधी गरम करून ठेवण्याच्या जुन्या रिवाजामागचे कारणही हेच.

आता पिष्टमय पदार्थ, म्हणजे रस्सा टिपण्याची सोय. बटाटा स्ट्यूमध्येच का शिजवू नये, असे कुणी विचारेल. शिजवता येतो, पण रश्श्यात टोमॅटो किंवा वाइन असेल तर आम्लामुळे बटाट्याच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन लवकर सुटत नाही आणि तासभराने बाहेरून शिजलेला तुकडा आतून टणक लागतो. शिवाय वेगळा शिजवलेला बटाटा अळणी ठेवता येतो, आणि आटून खारट झालेल्या रश्श्याला अशाच अळणी सोबतीची गरज असते. कुस्करण्यासाठी पिठूळ जातीचा बटाटा घ्यावा. शिजल्यावर त्याच्या पेशी एकमेकींपासून अलगद सुटतात आणि स्टार्च पेशींच्या आतच राहतो. हाच बटाटा मिक्सरमध्ये फिरवला की पेशी फुटतात, फुगलेला स्टार्च बाहेर सांडतो आणि हाती येते ती खळ. पाणी निथळल्यावर पातेले मिनिटभर पुन्हा आचेवर धरून वाफ जाऊ द्यावी, म्हणजे त्या कुस्कऱ्यात रस्सा शोषायला जागा होते. लोणी बेताने घालावे. चरबीवर चरबी चढवण्यापेक्षा स्ट्यूचाच पळीभर रस्सा त्यात कालवणे अधिक शहाणपणाचे.

पाव घ्यायचा तर जाड कवचाचा, मोठ्या जाळीचा आणि शक्यतो आंबवणाचा, कारण त्यातील लॅक्टिक व ॲसिटिक आम्ल मघाशी सांगितलेले काम थोडेफार करतेच. तो कालचा असला तरी बिघडत नाही. शिळ्या पावात स्टार्चच्या अमायलोपेक्टिन या घटकाचे रेणू पुन्हा स्फटिकरूपात रचले जाऊन गाभा घट्ट होतो, आणि असा पाव रस्सा पिऊनही लगदा न होता हातात टिकतो. तो फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण ही स्फटिकरचना गारव्यात अधिक वेगाने होते. भात आणि नूडल्सही चालतात. फक्त दाणे मोकळे हवेत, नाहीतर रस्सा वरच थबकतो.

हिरव्या भाजीचे गणित वेळेचे आहे. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. उष्णता आणि आम्ल यांच्या माऱ्याने ते निसटून त्या जागी हायड्रोजन बसतो आणि भाजी मळकट होते. श्रावणघेवड्याच्या कोवळ्या शेंगा किंवा ब्रोकोली भरपूर उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता तीन-चार मिनिटे शिजवावी, म्हणजे भाजीतून सुटणारी आम्ले वाफेबरोबर उडून जातात. लिंबाचा रस ताटात वाढतानाच पिळावा. त्याहून चांगले म्हणजे सालीचा कीस घालावा: त्यात लिंबाचा सगळा वास असतो आणि आम्ल जवळजवळ नसते.

एक अगदी छोटी गोष्ट बऱ्याच वेळा विसरली जाते, ती म्हणजे नाकात झणका आणणारे काहीतरी. हॉर्सरॅडिश (मोहरीसारखे झणझणीत एक मूळ) किंवा मोहरीत हा तिखटपणा आधीपासून नसतो. पेशी चेचल्या गेल्यावर एक विकर (एन्झाइम) आणि एक गंधकयुक्त संयुग एकत्र येतात आणि तेव्हा तो जन्मतो. तो उडून जाणारा असल्यामुळे उकळत्या स्ट्यूत घातला तर वाया जातो. म्हणून किसलेले हॉर्सरॅडिश थोडे थांबून, झणका वाढला की व्हिनेगरमध्ये घालून ती क्रिया रोखतात आणि चमचाभर ताटाच्या कडेला देतात.

पोषणाच्या अंगानेही या जोड्या बऱ्या जुळतात. मांसात आहारातील तंतू, म्हणजे न पचणारा चोथा, मुळीच नसतात, ते भाज्या आणि डाळवर्गीय बिया पुरवतात. उलट वनस्पतींमधील लोह शरीर सहजी घेत नाही, पण त्याच जेवणात मांस आणि क जीवनसत्त्व असले की त्याचे शोषण सुधारते. पांढऱ्या वालाच्या बिया किंवा पालक स्ट्यूबरोबर खाल्ल्याने दोहोंचा फायदा होतो. चहाचे मात्र इथे उलटे आहे: तोंड स्वच्छ करणारे त्याचे पॉलिफेनॉल वनस्पतीजन्य लोहाला अडवतात, तेव्हा लोहाची कमतरता असलेल्यांनी या जेवणाबरोबर चहाऐवजी आंबटावर भागवावे.

दुसऱ्या दिवशी हा हिशेब बदलतो. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेल्या स्ट्यूत जिलेटिन गोठून रस्सा थरथरता होतो आणि वर चरबीचा घट्ट थर येतो, जो चमच्याने सहज उचलून टाकता येतो. तो काढला की तेलकटपणा बराच उतरतो, आंबटाची निकड कमी होते आणि आदल्या दिवशी हात आखडून घातलेले लोणी आता बटाट्यात निःशंकपणे घालता येते.