पार्श्वभूमी: गावात राहिलेल्यांच्या मुलाखती

कोकणात मोठा झालेला माणूस मुंबईला गेलेलाच असायचा, अशी आपल्याकडची जुनी समजूत. गिरणीत लागला, गोदीत लागला, पुढे बँकेत लागला, की तो मोठा. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी आला की वाडी त्याच्याभोवती जमायची आणि त्याला मुंबईचं विचारायची. जो गावातच राहिला, ज्याने कलमं बांधली, होड्या बांधल्या, शाळेचं छप्पर शाकारलं, त्याला कोण काय विचारणार? तो तर रोजचाच. स्थानिक रेडिओवरच्या मुलाखतींनी पहिल्यांदा या रोजच्या माणसाला प्रश्न विचारले. त्या मुलाखती साध्या वाटतात, पण त्यांच्यामागे मोठा इतिहास आहे.

मुंबईत हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबने १९२३ साली प्रक्षेपण सुरू केलं. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र उघडलं आणि कंपनी तीन वर्षांत बुडाली. मग सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. कोकणाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट निसर्गाची आहे. मुंबई केंद्र मध्यम लहरींवर (मीडियम वेव्हवर) चाले आणि या लहरी खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षा पुष्कळ लांब जातात. त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावांना मुंबई केंद्र ऐकू यायला सह्याद्रीची आडकाठी नव्हती.

रेडिओचा संच मात्र गावात आला तो चाकरमान्याच्या ट्रंकेतून. फळीवर मांडलेला, विणलेल्या रुमालाने झाकलेला. त्याचं लायसन पोस्टात काढावं लागे आणि दरवर्षी नवं करावं लागे. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत होती. सेल उतरले की ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी दोन-चार संध्याकाळी निघायच्या. या संचातून मुंबईचे बाजारभाव, मुंबईची नाटकं, मुंबईची भाषा यायची. दक्षिणेकडे, सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजूला, गोवा मुक्त झाल्यावर पणजी केंद्रही लागायचं आणि तिथली बोली कानाला जवळची वाटायची. पण आपलं नाव, आपली वाडी, आपला व्हाळ (ओढा) हे काही रेडिओवर येत नसे. मनीऑर्डर जिथून यायची तिथूनच आवाजही यायचा.

महाराष्ट्रात गावकऱ्यांना रेडिओवर बोलतं करण्याचा पहिला मोठा प्रयोग १९५६ साली पुणे केंद्राने केला. युनेस्कोची मदत होती. १५० गावांत ऐकणाऱ्यांचे गट केले होते. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम लागायचा. गट एकत्र बसून ऐकायचा, त्यावर चर्चा करायचा आणि शंका केंद्राकडे पाठवायचा. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला. बोलणं एकतर्फी नको, ऐकणाऱ्याचं म्हणणं परत फिरून रेडिओवर आलं पाहिजे, ही समज त्या प्रयोगाने दिली. ती गावं पाच जिल्ह्यांतली होती: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. सगळी घाटावरची. रत्नागिरी जिल्हा त्यात नव्हता, कुलाबाही (आजचा रायगड) नव्हता. हे मला आजही लागतं, कारण ज्या मुलखात एका वाडीहून दुसऱ्या वाडीला जायला होडी लागे, तिथे हा प्रयोग जास्त उपयोगी पडला असता.

साठच्या दशकात हरितक्रांतीच्या तयारीत आकाशवाणीच्या केंद्रांवर शेती विभाग उभे राहिले. दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झालं. आणि १९७७ साली रत्नागिरीत आकाशवाणीचं केंद्र आलं. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, तो १ मे १९८१ रोजी झाला. म्हणजे बाणकोटपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्याचं हे एकच केंद्र. देशात खास ‘स्थानिक केंद्र’ म्हणून काढलेलं पहिलं केंद्र तमिळनाडूत नागरकोइलला, तेही १९८४ साली.

उशीर झाला तो झालाच. अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला आणि संडास-सफाईचं काम स्वतःच्या हातांनी केलं, ते १९७१ साली गेले. त्यांच्या जिल्ह्याला माईक मिळाला त्याआधी सहा वर्षं. एखाद्या सकाळी शेणखताच्या खड्ड्याशेजारी उभं राहून कुणी त्यांना दोन प्रश्न विचारले असते, तर ते आज कसं ऐकू आलं असतं, हे माझ्या मनातून जात नाही. १९५४ साली देवरुखला मातृमंदिर ही संस्था सुरू करणाऱ्या इंदिराबाई हळबे, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, त्यांच्यासारखी माणसं तेव्हा कामात होती. आणि नाव नसलेली तर गावोगाव होती.

त्यातली एक मी पाहिली आहे. आमच्या वाडीतली सुईण. सगळे तिला काकी म्हणत. मी तेव्हा पाचवीत होतो. केंद्रावरचे एक गृहस्थ तिठ्यावर एसटीतून उतरले आणि खांद्याला टेपरेकॉर्डरची जड पिशवी अडकवून चालत आले. काकी पडवीत नवं पातळ नेसून बसलेली. “माका काय बोलूक येता रे?” असं तिने आधीच दोनदा सांगून ठेवलं होतं. त्यांनी माईक पुढे केला आणि लगेच मागे घेतला. विहिरीवरच्या रहाटाचा आवाज येत होता. मग आम्हा पोरांना कामं वाटली गेली: एकाने रहाट थांबवायचा, एकाने कोंबड्या हाकलायच्या. मी आगराकडच्या बेड्याला (फाटकाला) उभा राहिलो, कुणाला आत सोडायचं नाही म्हणून.

पहिली पाच मिनिटं काकी शाळेच्या पुस्तकासारखं बोलली. “माझे नाव अमुक, माझे गाव अमुक.” त्या गृहस्थांना ते ठाऊक असावं. त्यांनी टेप फिरू दिली आणि विचारलं, “काकी, रात्री पावसात कधी जावं लागलं का?” झालं. तिची मान वर झाली. “साकव व्हावान गेल्लो,” म्हणजे ओढ्यावरचा पूल वाहून गेलेला, इथून जी सुरुवात झाली, ती कंदील कसा विझला, पाणी कमरेपर्यंत कसं आलं, पलीकडच्या तीरावर बाळंतिणीचा दीर दोर घेऊन कसा उभा होता, इथपर्यंत. प्रमाण भाषा कधी सुटली ते तिलाही कळलं नाही. आमच्याकडे अशा बोलण्याला गजाली म्हणतात. स्थानिक मुलाखत चांगली होते ती अशाच वेळी, जेव्हा मुलाखतीची गजाल होते.

प्रसारणाची तारीख पत्राने कळली. त्या संध्याकाळी आमच्या खळ्यात चाळीसेक माणसं होती. आवाज ऐकून काकीने पदर तोंडाला लावला. पुढे तिला मानधनाचा चेक आला आणि तो वटवायला तिने आयुष्यातलं पहिलं बँक खातं उघडलं.

अशा मुलाखती होड्या हाकणाऱ्या तांडेलांच्या झाल्या, दशावतारातल्या कलाकारांच्या झाल्या, हापूसची कलमं बांधणाऱ्यांच्या झाल्या. एखादा बागायतदार मोहोरावरच्या तुडतुड्या किडीबद्दल बोलला की पुढच्या आठवड्यात केंद्रावर पोस्टकार्डं येत. म्हणजे पुण्याच्या प्रयोगातली ती गोष्ट, ऐकणाऱ्याचं म्हणणं परत येण्याची, इथे कसलाही गट न करता घडत होती. नव्वदच्या दशकात गावोगाव फोन पोचले, पोस्टकार्डाची जागा फोनने घेतली आणि श्रोता थेट कार्यक्रमात शिरला.

पण त्या टेपांचं काय झालं? स्पूल महाग, पुरवठा तुटपुंजा. प्रसारण झालं की टेप पुसायची आणि तिच्यावर नवं मुद्रण करायचं, ही रेडिओतली रूढ पद्धत होती. नामवंत गायकांची, पुढाऱ्यांची मुद्रणं जपली गेली. सुईणीचं मुद्रण कोण जपणार? कामाच्या सोयीपोटी कोकणच्या बोलीचे किती तास असे नाहीसे झाले असतील, याचा विचार केला की पोटात कालवतं.

पुढचा टप्पा कायद्याचा. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. २००२ साली शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली आणि नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांनाही. अटी ठरलेल्या: ताकद साधारण १०० वॉट, निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक, आणि स्वतःच्या बातम्या देता येणार नाहीत. या शेवटच्या अटीचा परिणाम फारसा कुणी लक्षात घेत नाही. बातमी देता येत नाही, पण माणसाशी बोलता येतं. त्यामुळे गावचं पाणी, गावची शाळा, गावची जेटी हे सगळं गप्पांतूनच ऐकवावं लागतं. मुलाखत हा अशा केंद्रांचा कणा झाला तो यामुळेही.

माणदेशात, म्हसवडला, अशा केंद्राने चांगलं मूळ धरलं. कोकणात जमिनीचीच अडचण आहे. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की पलीकडच्या खोऱ्यात खरखर. माळावर १०० वॉटमध्ये दहा-बारा किलोमीटरचा परिसर मिळतो, इथे एका घाटीत संपतो. मध्यम लहरींनी समुद्रावरून दिलेलं एफएमने डोंगरात काढून घेतलं, असं म्हणता येईल.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं. दापोली-मंडणगडपर्यंत विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे आडवे झाले, कित्येक गावांत वीज बरेच दिवस नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणचा पूर. अशा वेळी सेलवरचा ट्रान्झिस्टर ज्यांनी माळ्यावर टाकला नव्हता, त्यांना तेवढाच एक आवाज उरतो. तो आवाज आपला तालुका ओळखणारा असावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आता आकाशवाणीची कितीतरी केंद्रं मोबाइलवरच्या ॲपवर लागतात आणि डोंबिवलीतला चाकरमानी ट्रेनमध्ये बसून गावाकडचं ऐकू शकतो. काकीची टेप मात्र कुठेच नाही. तिच्या मुलाखतीतलं शेवटचं उत्तर तेवढं वाडीने तोंडी जपलंय. “काकी, आजवर किती बाळंतपणं केलीत?” असं त्यांनी विचारलं होतं. काकी जराशी थांबली. त्या शांततेत, रहाट थांबवलेला असूनही, कुठूनतरी पाण्याचा आवाज आला होता. मग ती म्हणाली, “मोजूक नाय.”