अंतर्साधना (हिंसा आणि निसर्गाच्या ऱ्हासाला उत्तर म्हणून; ग्वाल्हेर-चंबळ भाग)

बाहेर माणसं एकमेकांच्या जिवावर उठलीत, नदी मरतेय, जमीन वाहून चाललीय, आणि अशा वेळी कुणी आधी स्वतःच्या मनाकडे वळतो, मौन, प्रार्थना, उपास, ध्यान, नामस्मरण, पायी चालणं असं काहीतरी धरतो आणि त्याच्याच बळावर बाहेरच्या गोष्टीला हात घालतो, या सगळ्याला मिळून अंतर्साधना म्हणतात. यात दोन अर्धी आहेत. नुसतं डोळे मिटून बसणं म्हणजे अर्धीच साधना, आणि ज्या आंदोलनात राग सोडून दुसरं काही नाही तेही अर्धंच. हा पळपुटेपणा आहे अशी टीका पहिल्यापासून होत आलीय आणि ती खोटी आहे असंही म्हणता येत नाही, कारण दार लावून ध्यान करणारे आणि दाराबाहेरच्या नाल्याकडे ढुंकूनही न बघणारे भरपूर आहेत.

कल्पना कुणा एकाची नाही. ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्ट माणसं नष्ट होऊ देत असं मागितलं नाही, त्यांच्या मनातला वाकडेपणा जावा असं मागितलं, इथेच मूळ विचार आला. गांधींनी आश्रमाच्या एकादश व्रतांत अहिंसेच्या जोडीला अस्वाद आणि अपरिग्रह ठेवले, म्हणजे जिभेवर ताबा आणि गरजेपेक्षा जास्त न साठवणं, ज्याला आज आपण पर्यावरणाचा प्रश्न म्हणतो त्याचं टोक तिथे आहेच. व्हिएतनाम युद्धात थिच न्हात हान्ह या भिक्खूंनी तरुणांना बॉम्बने पडलेली गावं परत उभारायला पाठवलं आणि सोबत ध्यानही सोडू दिलं नाही. नॉर्वेचे आर्ने नेस यांनी 1973 मध्ये सखोल पर्यावरणवादाची, म्हणजे माणसाला उपयोग असो-नसो निसर्गाला स्वतःचं मोल आहे या विचाराची, मांडणी केली, ते गांधींचे अभ्यासक होते आणि 1970 मध्ये मार्दाल धबधब्यावरच्या वीजप्रकल्पाविरुद्ध ठाण मांडून बसलेल्यांत होते, पोलिसांनी उचलून नेलं. आपल्याकडे चिपको, सुंदरलाल बहुगुणांचे उपास, ही यादी लांबवता येईल पण इथे विषय ग्वाल्हेरचा आहे.

ग्वाल्हेरला हा विषय पुस्तकातून शोधावा लागत नाही. किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या गोपाचलच्या जैन मूर्ती 15व्या शतकातल्या, तोमर राजांच्या काळातल्या, ध्यानात बसलेल्या नाहीतर कायोत्सर्गात, म्हणजे देहभान सोडून निश्चल, उभ्या, आणि त्यातल्या कितीतरींचे चेहरे फोडलेले, तोडफोडीचा हुकूम आपणच दिला हे बाबरने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. म्हणजे अहिंसा आणि हिंसा एकाच दगडावर. पण या गावाचं खरं प्रकरण उत्तरेला चंबळच्या खोऱ्यात घडलं.

चंबळचे बीहड, म्हणजे घळी-दऱ्यांनी चिरलेली जमीन, कसे तयार होतात ते आधी समजून घ्यायला हवं. नदीकाठची गाळाची माती खोल आणि भुसभुशीत, वर झाडझाडोरा नसला की पावसाचं पाणी तिला चिरत जातं, आधी हातभर चर पडतो, मग घळ, मग माणूस उभा दिसणार नाही इतकी खोल दरी, तिला तिकडे भरका म्हणतात. दरवर्षी ही चीर शेताकडे सरकते. शेत कमी झालं की बांधावरून भांडण, भांडणातून खून, खुनाचा सूड, आणि मग बंदूक घेऊन त्याच भरक्यांत उतरायचं. गावातले लोक अशा माणसाला डाकू म्हणत नाहीत, बागी म्हणतात. जातीचं वैर, पोलिसांचा जाच आणि सहज मिळणारी बंदूक ही कारणं आहेतच, पण मातीचं वाहून जाणं आणि माणसाचं बागी होणं या दोन गोष्टी इथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि नुसत्या दरोडेखोरीच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही.

मे 1960 मध्ये विनोबा भावे पदयात्रा करत भिंड-मुरैना भागात आले. चंबळचा नावाजलेला बागी मानसिंह, त्याचा मुलगा तहसीलदारसिंह तेव्हा फाशीची शिक्षा होऊन तुरुंगात होता, त्याने विनोबांना पत्र लिहिलं होतं, आणि मेजर जनरल यदुनाथसिंह मध्यस्थीला होते. वीसेक बाग्यांनी विनोबांपुढे शस्त्रं ठेवली, त्यांत लोकमन दीक्षित ऊर्फ लुक्काही होता. विनोबांनी माफीचं आश्वासन दिलेलं नव्हतं, केलेलं कबूल करा आणि शिक्षा भोगा एवढंच सांगणं होतं. पोलीस खात्यातून यावर बरीच टीका झाली, एक साधू येतो आणि आमच्या शिपायांनी जीव दिला त्याची किंमत शून्य होते, असा सूर होता, आणि मेलेल्या शिपायाच्या घरून बघितलं तर तो चूक वाटत नाही.

इथे विनोबांची साधना काय होती हे बघायला हवं. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांना गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणजे गुन्हेगार ठरलेल्या माणसाशी आतल्या गोष्टी बोलायची सवय त्यांना जुनी होती. 1951 च्या आसपास पवनारला त्यांचे कांचनमुक्ती आणि ऋषिखेतीचे प्रयोग चालू होते, पैशाशिवाय जगायचं आणि बैलाशिवाय, हाताने कुदळ चालवून शेती करायची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. जमीन, हिंसा आणि मन हे तीन वेगळे विषय आहेत असं त्यांना कधी वाटलंच नसावं.

पुढचा टप्पा मोठा. माधोसिंह हा टोळीवाला बागी नाव बदलून पवनारला विनोबांकडे गेला, विनोबांनी तेव्हा क्षेत्रसंन्यास घेतलेला, म्हणजे आश्रम सोडून कुठे जायचं नाही, त्यांनी त्याला जयप्रकाश नारायणांकडे पाठवलं. 14 एप्रिल 1972 ला मुरैना जिल्ह्यात जौऱ्याच्या महात्मा गांधी सेवा आश्रमात मोहरसिंह, माधोसिंह आणि त्यांच्या टोळ्यांनी गांधींच्या फोटोपुढे बंदुका ठेवल्या, आणि पुढच्या काही महिन्यांत शेकडो जण आले. या वेळी सरकारशी बोलणी होऊन फाशी होणार नाही असं ठरलं होतं, मुंगावलीला खुली जेल झाली, काहींना जमिनी मिळाल्या. म्हणजे नुसतं हृदयपरिवर्तन नव्हतं, सौदाही होता, पण सौद्याने एवढंच होत असतं तर ते आधीच झालं असतं. जौऱ्याचा आश्रम एस. एन. सुब्बराव यांनी उभा केला, सगळे त्यांना भाईजी म्हणायचे, मूळचे बंगळुरूचे. पहाटे उठणं, श्रमदान, सर्वधर्म प्रार्थना, गाणी आणि तरुणांची मोठाली शिबिरं, हीच त्यांची पद्धत आणि यात गूढ काही नाही. 2021 मध्ये ते गेले, अंत्यसंस्कार जौऱ्यालाच झाले.

आता नदी. राष्ट्रीय चंबळ अभयारण्य 1978-79 चं, जगातले सर्वांत जास्त रानटी घडियाल, म्हणजे लांब तोंडाच्या सुसरी, इथेच. घडियालची मादी मार्च-एप्रिलमध्ये काठच्या रेतीत खड्डा करून अंडी घालते, कासवं आणि पाणचिरा पक्षीही त्याच रेतीवर अवलंबून, आणि घर बांधणाऱ्यालाही तीच रेती हवी. उपशाला बंदी आहे. तरी मुरैना रोडवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसतात, वर ताडपत्री नसते, खालून पाणी गळत असतं, मागे डांबरावर ओली रेघ पडते, आणि आडवं येणाऱ्या सरकारी माणसांवर ट्रॅक्टर घातल्याच्या बातम्या येतात. 2007-08 च्या हिवाळ्यात तर खालच्या चंबळेत शंभरहून जास्त घडियाल मेले, मूत्रपिंडं निकामी झालेली, विष यमुनेतल्या माशांतून आलं असावं असा अंदाज होता. भरक्यांत विमानातून विलायती बाभळीचं बी टाकून झालं, ती फोफावली आणि देशी झाडोऱ्याला तिने जागा सोडली नाही. आता भरके बुलडोझरने सपाट करून शेती होते, चांगला पाऊस झाला की तीच माती परत चालू लागते.

आणि इथे अंतर्साधनेची मर्यादा उघडी पडते, निदान या नोंदीच्या लेखकाला तरी तसं वाटतं. बाग्याला चेहरा होता, नाव होतं, त्याच्या हातून झालेले खून त्याला झोपू देत नव्हते, अशा माणसापुढे विनोबा जाऊन बसले तर काही हलण्यासारखं होतं. रेतीच्या धंद्यात ड्रायव्हर रोजाचा, ट्रॅक्टर हप्त्यावरचा, मालक तिसराच, आणि गिऱ्हाईक आपण, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घरावर दुसरा मजला चढवणारे. अपराधाचे इतके तुकडे झालेत की कुणाच्याच वाट्याला टोचण्याइतका येत नाही. कुणी कुणापुढे काय शरण यायचं? म्हणून दुसऱ्याचं मन बदलणारी साधना नदीच्या बाबतीत फारशी कामाला आली नाही, उरली ती स्वतःचं बदलणारी, आणि ती फार संथ आहे.

मधला रस्ता पदयात्रेचा निघाला. जौऱ्याच्या आश्रमाशी जुना संबंध असलेले पी. व्ही. राजगोपाल आणि त्यांची एकता परिषद यांनी 2 ऑक्टोबर 2007 ला ग्वाल्हेरहून जनादेश यात्रा काढली, सुमारे 25,000 लोक, बरेचसे आदिवासी आणि भूमिहीन, जमीन आणि जंगलावरचा हक्क मागत पायी दिल्लीला गेले. 2012 मध्ये परत ग्वाल्हेरहूनच निघाले, 11 ऑक्टोबरला आग्र्यात केंद्र सरकारशी करार झाला आणि मोर्चा तिथेच थांबला. हायवेवर झोपणं, रांगेत चालणं, शिवी न देणं, रोज मैलोगणती तेच. याला साधना म्हणायचं की राजकारण हा वाद चालणारच. करारातलं बरंचसं कागदावर राहिलं आणि 2018 ला परत निघावं लागलं.

ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीत हे सगळं लांबून बघितलं गेलं, बागी म्हणजे रात्रीच्या प्रवासाची भीती आणि आजी-आजोबांच्या गोष्टी. इथली साधना कीर्तनाच्या वळणाची, ढोलीबुवांच्या मठाची, आणि तानसेन समारोहाच्या सकाळी तानसेनच्या समाधीवर ढोलीबुवांची हरिकथा आणि त्याला लागून मीलाद, म्हणजे पैगंबरांचं गुणगान, होतो ही पद्धत आजही चालू आहे, दंग्याधोप्याच्या दिवसांत ही गोष्ट छोटी नाही. निसर्गाच्या बाबतीत मात्र आपली बाजू लंगडी आहे. गावातून वाहणारी स्वर्णरेखा सिमेंटने बांधून काढली आणि तिचा नाला झाला, काठावर आपली घरं, आपली मंडळं, आणि चातुर्मासाचा नेम अजून कांदा-वांगं सोडण्यावरच अडलेला. काही घरांत हल्ली शाडूचा गणपती बादलीत विसर्जन करतात, तेवढी सुरुवात आहे.

जौरा मुरैनाच्या पश्चिमेला आहे, पूर्वी ग्वाल्हेरहून श्योपूरच्या छोट्या लाईनने जाता यायचं, ती 2020 मध्ये बंद झाली, आता ब्रॉडगेजने जाता येतं.