ऊन लागलंय की शुगर उतरली?

वैशाखातली दुपार, जळगाव-भुसावळकडचा पारा ४४-४५ वर, आणि मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारं घरातलं माणूस अचानक घामाघूम होऊन ओट्यावर बसकण मारतं. अशा वेळी खान्देशात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ऊन लागी गय वाटस." मग कांदा फुटतो, डोक्यावर ओला पंचा येतो, कुणीतरी मीठ-लिंबाचं पाणी करायला आत पळतं. उन्हाशी आपली ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि बहुतेक वेळा हा अंदाज बरोबरही ठरतो. इन्सुलिनवरच्या माणसाच्या बाबतीत मात्र तो तपासल्याशिवाय खरा मानू नये. शुगर उतरली तरी माणूस असाच दिसतो, आणि कांदा, पंचा, मीठ-लिंबू यांतल्या एकानेही रक्तातली साखर चढत नाही.

आत घडतं ते मात्र पूर्ण वेगळं. उन्हात शरीर स्वतःला गार ठेवायला घाम गाळतं, पाणी आणि मीठ निघून जातं, रक्तदाब उतरतो. मग डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर, पोटऱ्यांत गोळे. हे बहुधा तास-दोन तासांत वाढत जातं. शुगर उतरण्याचा मामला मिनिटांचा असतो. रक्तातली साखर ७० च्या खाली (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, मीटरवर दिसतो तोच आकडा) घसरली की शरीर अ‍ॅड्रेनालिन नावाचं संप्रेरक सोडतं. हात थरथरतात, छाती धडधडते, भूक खवळते आणि घाम फुटतो. या घामाचा हवेशी काही संबंध नाही. पौषातल्या पहाटे गोधडीतही तो असाच फुटतो. साखर ५४ च्या खाली गेली की मेंदूलाच इंधन कमी पडायला लागतं. जीभ जड होते, नजर धूसर होते, एरवी शांत असणारा माणूस विनाकारण चिडतो, हाक मारली तर नुसता बघत राहतो. त्यापुढे झटके आणि बेशुद्धी.

अंगाला हात लावला की फरक कळतो, असं बरेच जण सांगतात. माझ्या मते तेवढ्यावर विसंबू नये. शुगर उतरलेल्याचं अंग ओलं आणि गार लागतं हे खरं, पण उन्हाने गळून गेलेल्या माणसाचंही तसंच लागू शकतं. भाजल्यासारखं तापलेलं अंग, ४० अंशांच्या वरचा ताप आणि त्यासोबत बरळणं असेल तर तो उष्माघात. तिथे वेळ न घालवता रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहायचं. त्याच वेळी बोट टोचून शुगरही तपासायची, कारण बरळणं शुगर उतरल्यानेही असू शकतं.

हातापेक्षा दोन प्रश्न जास्त सांगून जातात: शेवटचं इन्सुलिन कधी घेतलं, आणि त्यानंतर पोटात काय गेलं? सकाळी डोस घेतलाय, दुपारचं जेवण व्हायचंय, हात कापताहेत, तर संशय साखरेवरच घ्यावा. कुलरसमोर बसल्या-बसल्या घाम फुटला तर शंकेला जागाच कमी. ब्लडप्रेशरसाठी अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून जाते, घाम तेवढा उरतो. मग तर चित्र अगदी उन्हासारखंच. साखरेच्या काही गोळ्यांनीही, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइडने, शुगर अशी उतरू शकते. त्यामुळे हे सगळं गोळ्यांवरच्या पुष्कळ लोकांनाही लागू आहे.

पण ही दोन्ही दुखणी नेमकी एकाच वेळेला का येतात? माझ्या मते खरी गोम इथे आहे. आपल्याकडे पुष्कळ जणांना ३०-७० चं मिक्स इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ दिलेलं असतं, तळहातांत घोळवल्यावर दुधासारखं दिसतं ते. त्यातला ३० टक्के भाग लवकर काम करून संपतो. उरलेला ७० टक्के साधारण चार ते दहा तासांच्या दरम्यान जोर धरतो. सकाळी आठला टोचलं तर हा जोर बारानंतर सुरू होतो, म्हणजे ऊन ऐन भरात असतं तेव्हाच. दुपारचं जेवण हे या इन्सुलिनचं देणं आहे, ते वेळेवर चुकतं व्हायलाच हवं.

आता आपली लग्नसराई डोळ्यांसमोर आणा. पत्रिकेत मुहूर्त साडेबाराचा. नवरदेव मारुतीच्या पारावरून हलायलाच दीड वाजतो, अक्षता पडायला अडीच, आणि वरण-बट्टीची पंगत बसते तीनच्या पुढे. मुलीकडची मंडळी त्याहून मागे, कारण पाहुणे जेवल्याशिवाय ती बसत नाहीत. माझ्या धाकट्या भावाला शाळेत असल्यापासून टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही असा. अमळनेरकडच्या अशाच एका लग्नात तो खुर्ची धरून उभा राहिला आणि त्याच्या कपाळावर टपोरे थेंब जमले. "भाऊले ऊन लागी गय, सावलीमा बसाडा," मामा म्हणाले. तो मांडवाच्या सावलीतच होता. मी शुगर तपासायचं मीटर काढलं, तर पडद्यावर आकडा येण्याऐवजी थर्मामीटरचं चिन्ह लागलं, म्हणजे मीटरच तापलं होतं. "ताई, साखर," एवढे दोनच शब्द त्याच्या तोंडून निघाले, तेही जड. आचाऱ्याकडून वाटीत साखर घेतली, पेल्यात विरघळवली, घोटाघोटाने पाजली. पंधरा-वीस मिनिटांनी तो स्वतःहून विचारत होता की पंगत कधी बसणार. मग त्याला पहिल्याच पंगतीला बसवलं, मुलीकडचा असूनही. इन्सुलिन घेणाऱ्याला पहिल्या पंगतीचा मान द्यावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. "आबा, तुम्ही बसून घ्या," असं म्हणायला घरातलं कुणीतरी पुढे झालं पाहिजे, कारण आबा स्वतःहून कधीच बसणार नाहीत.

उन्हाचा इन्सुलिनवर थेट परिणामही होतो. गरमीने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि टोचलेलं औषध रक्तात लवकर उतरतं. मांडीत टोचून लगेच शिवारात पायपीट केली, तर तो वेग आणखी वाढतो. अशा दिवशी पोटाची जागा बरी. शिवाय उन्हाने अन्नावरची वासना जाते; दोन भाकरींच्या हिशेबाने डोस घेतलेला असतो आणि पोटात जाते अर्धी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उलटंही घडतं. रस-पोळीसाठी डोस वाढवून घेतला जातो, आणि उकाड्याने ताट अर्धंच संपतं.

यातली सगळ्यात मोठी फसगत ओआरएसची. उन्हाळ्यात घरोघरी पाकिटं असतात, ती गोडसर लागतात, म्हणून शुगर उतरली तरी तेच पाजलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज असतं १३.५ ग्रॅम. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात पावणेतीन ग्रॅमसुद्धा नाही. उतरलेली शुगर चढवायला मोठ्या माणसाला साधारण १५ ग्रॅम लागतात. तेवढ्यासाठी आख्ख्या लिटरहून थोडं जास्तच रिचवावं लागेल, आणि तेवढा धीर मेंदूकडे नसतो. ओआरएस उन्हासाठी उत्तम आहे, साखरेसाठी ते जवळजवळ पाणीच. ताकाचं आणि मीठ-लिंबाचंही तेच. कैरीचं पन्हं गुळाचं असेल तर उपयोगी पडतं, पण कुणी किती गूळ घातला याचा भरवसा नाही.

१५ ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याने तीन शिगोशीग चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर, अर्ध्या पेला पाण्यात. लहान मुलांना कमी लागतं. किती ते वजनाप्रमाणे त्यांच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं. शुगर वर आली की मग जेवण किंवा भाकरीचा तुकडा. रावेर-यावल-चोपड्याकडे हात पहिला केळ्याकडे जातो. केळ्यात साखर आहे, पण ते चावून, पचून वर यायला वेळ लागतो. म्हणून आधी साखरपाणी, केळं नंतर. पेढा, चॉकलेट यांतल्या तुपा-चरबीने साखर अडून राहते, त्यामुळे तेही पहिल्या घासाला नकोत. आणि माणूस शुद्धीवर नसेल, गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही ओतायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८.

मीटर हाताशी नसेल किंवा चालत नसेल, तर माझं उत्तर सरळ आहे: शुगर उतरलीय असं धरून साखर द्या, आणि त्याच वेळी सावलीत न्या, कपडे सैल करा, वारा घाला. शुगर मुळात २५० असेल आणि तीन चमचे साखर जास्तीची गेली, तर आकडा काही तास आणखी वर राहील, तो नंतर आवरता येतो. ४० वर आलेल्या माणसाला अर्धा तास लिंबूपाणी पाजत बसलं, तर जे बिघडतं ते आवरणं आपल्या हातात राहत नाही.

मीटरबद्दल दोन गोष्टी, कारण या मुलखात त्या घडतातच. बहुतेक ग्लुकोमीटर १० ते ४० अंशांच्या दरम्यानच नीट चालतात. तापलेल्या मांडवात, उभ्या गाडीत किंवा शेतातल्या पत्र्याच्या खोलीत ते एरर दाखवतात, आणि स्ट्रिपा तर अशा उष्णतेने कायमच्या खराब होतात. मीटर घरात गार जागी आणा, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा; साखर देणं मात्र तोवर थांबवू नका. दुसरी गोष्ट हातांची. आंबा पिळलेल्या किंवा केळं सोललेल्या बोटातून थेंब काढला तर फळाची साखर त्यात मिसळते आणि खरा आकडा ६० असताना मीटर १५०-२०० दाखवू शकतं. "शुगर तर चांगली आहे, म्हणजे ऊनच," असा निष्कर्ष मग काढला जातो. बोट साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, मग टोचा. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या.

या दोघांच्या आडून कधी तिसरंच दुखणं येतं, आणि तेही ऊन म्हणूनच खपतं. टाइप १ चा माणूस उलट्या करतोय, पोट दुखतंय, तोंडाला कोरड पडलीय. घरचे म्हणतात ऊन बाधलं, आणि जेवण जात नाही म्हणून इन्सुलिनही बंद ठेवतात. इथे साखर उतरलेली नसते, भलतीच चढलेली असते आणि रक्तात कीटोन (इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचत असतात. लघवीकडे लक्ष द्या. नुसत्या उन्हाने पाणी कमी झालेल्या माणसाची लघवी कमी आणि गडद पिवळी होते. साखर चढलेल्याला मात्र तोंड सुकलेलं असूनही पुन्हा पुन्हा आणि भरपूर लघवी होत राहते. श्वास खोल आणि जलद चालायला लागला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास आला, तर थेट दवाखाना गाठायचा. लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या मेडिकलवर मिळतात, टाइप १ च्या घरात त्या असाव्यात. जेवण कमी झालं तर डोस कमी-जास्त करण्याचं डॉक्टरांना विचारून ठरवा, पण टाइप १ मध्ये लांब पल्ल्याचं इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं.

चढलेल्या शुगरचं आणखी एक कारण ऊनच असतं, ते म्हणजे उन्हाने वाया गेलेलं इन्सुलिन. न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या दारात; बर्फाच्या कप्प्यात गोठली तर ती फेकूनच द्यावी लागते. वापरातली बाटली २५-३० अंशांच्या आत ठेवली तर बहुतेक प्रकार चार आठवडे टिकतात. फ्रिज नसेल, किंवा दुपारभर लाइट जात असेल, तर मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवा, मधल्या फटीत वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ भिजवा, आत झाकणाच्या डब्यात बाटली आणि वर ओलं फडकं. आपली हवा कोरडी असल्याने उन्हाळ्यात मडकं छान गार राहतं. पावसाळ्याच्या दमट हवेत तोच उपाय फिका पडतो.

शेवटची गोष्ट रात्रीची. दिवसभर केळीचे घड वाहिले, निंदणी केली किंवा वरातीत नाचलं, की स्नायू आपला रिकामा झालेला साखरेचा साठा भरायला पुढचे कित्येक तास रक्तातून साखर ओढत राहतात. त्यामुळे दुपार निभावली तरी शुगर मध्यरात्री उतरू शकते, आणि गच्चीवर झोपलेल्याचा घाम पुन्हा उकाड्याच्याच खात्यावर जमा होतो. अशा दिवशी झोपण्याआधी शुगर बघावी. १०० च्या खाली असेल तर थोडं खाऊन झोपायला डॉक्टर सहसा सांगतात. ग्लुकोजची पुडी आणि पाण्याचा तांब्या उशाशी असावा, आणि ती पुडी कशासाठी आहे हे शेजारच्या अंथरुणावरच्या माणसाला ठाऊक असावं.